आबा, त्या तुटलेल्या बोल्टच्या फोनसाठी

आबा,

तुमच्याकडे बटणांचा फोन, म्हणजे हे तुम्हाला नातूच वाचून दाखवणार, आणि तो वाचताना कंटाळा आला की मधल्या चार ओळी गाळतो हे मी शेडवर बसून पाहिलंय. तर बाळा, नीट वाच, सगळं वाच. आबा, तुमचं नाव कुठेच टाकलेलं नाही, तुमची अटच होती ना. "नाव नको टाकू माय, लोके गाड्या लई येतीन, मनाकडे उभ्या कराले जागा नही." बरं बाबा. धुळ्यातले एक आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, हायवेकडेला पत्र्याचं शेड, एवढंच लिहिते. आग्रा रोड काय, सुरत-नागपूर रोड काय, या वर्णनाची शेडं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, शोधत बसू देत लोकांना.

बाकीच्यांना आधी गाडीचं सांगावं लागेल. सॅन स्टॉर्म. आपल्या देशात, गोव्यात बनलेली, दोनच सीटची, छत मागे घडी करून टाकायचं, बॉडी सगळी फायबरची आणि इंजिन रेनॉचं 1149 सीसी. ताकद 60 हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजची घरगुती गाडीसुद्धा हायवेवर तिला मागे टाकून जाईल, त्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की गाडीतले जाणकार हसतात. हसू देत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोणीतरी आपल्याकडे असली गाडी बनवायची हिंमत केली होती आणि मी कॉलेजच्या ट्रिपला गेले असताना ती लाल रंगात पाहिली होती, ती जी डोक्यात बसली ती बसलीच. फार थोड्या बनल्या, बनवणं कधीचंच बंद झालं. घरच्यांचं म्हणणं एवढे पैसे साठलेत तर तुझ्या मेडिकल दुकानाला लागून दुसरा गाळा घे. नाही घेतला गाळा.

विकणारा मोठ्या शहरातला. फार गोड माणूस. "मॅडम, लेकीसारखी सांभाळलीय हो." आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, "आत्ताच एक चक्कर मारून आलो तुमच्यासाठी" म्हणे. गार इंजिन सकाळी अर्धा तास सुरूच होत नाही हे लपवायचा तो जुना प्रकार आहे, हे मला पुढे तुमच्याकडून कळलं. आत अत्तराचा एवढा घमघमाट की डोकं उठलं, आणि घरी आल्यावर कार्पेट उचललं तर खाली ओली वर्तमानपत्रं, लगदा झालेला. 15 वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल "चालू आहे, कागद येतीलच" ते कधी चालूच नव्हतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, "मागच्याच महिन्यात बदललाय", तो बेल्ट तुम्ही बोटाने वाकवून दाखवला तेव्हा आडव्या भेगा उघड्या पडल्या होत्या. माझा चुलतभाऊ सोबत आला होता, फार हुशार, खिशात लोहचुंबक, कारण पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की चुंबक तिथे धरत नाही. फायबरच्या गाडीला तो चुंबक लावत फिरत होता आणि तो गोड माणूस शेजारी उभा राहून मान डोलावत होता. ते दृश्य आठवलं की मला आजही हसावं का रडावं कळत नाही.

आमच्या धंद्यात कोणी एक्सपायर झालेल्या गोळ्यांवर नवीन तारखेचा शिक्का मारला तर लायसन जातं, जेलची पाळी येते. जुन्या गाड्यांच्या धंद्यात मात्र फोन ब्लॉक केला की माणूस मोकळा.

मग ते मोठं गॅरेज. नाव घेत नाही, काचेच्या भिंती, एसी, कॉफीचं मशीन. पहिला प्रश्न, "सर आलेत का सोबत?" सर नाहीत, गाडी माझी आहे, असं सांगूनसुद्धा पुढचं सगळं बोलणं त्यांनी माझ्या भावाशीच केलं, जो चुंबकवाला. तक्रार साधी होती, हॉर्न दाबला की हेडलाईट मंद, इंडिकेटर दिला की मागचे दिवे भलतेच पेटायचे. त्यांनी बॅटरी बदलली. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. मग म्हणाले पूर्ण वायरिंगच टाकावं लागेल, इम्पोर्टेड येईल. प्रत्येक वेळी बिल आलं, जुना पार्ट मात्र एकदाही दाखवला नाही, मागितला तर "स्क्रॅपमध्ये गेला मॅडम". दिवे तसेच.

तुमच्याकडे मी आले ती खरं तर चुकून. छताचं कापड सडलं होतं म्हणून रिक्षाचे हूड शिवतात त्या भाऊंकडे गेले, त्यांनी कापडाला हात लावला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले छत मी शिवतो ताई, पण त्याच्या आधी हिला आबांकडे न्या.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही आधी. बोटाच्या पेराने गाडी वाजवत बसलात, दारापासून सुरू करून पूर्ण गोल, ठक ठक ठक, आणि मधेच कुठेतरी आवाज भद्द यायचा तिथे खडूने गोल करायचात. अर्ध्या तासात माझ्या लाल गाडीवर देवी आल्यासारखे पांढरे गोल. प्रत्येक गोलाखाली फायबर तडकलेलं होतं आणि वरून नुसती लांबी आणि रंग. मग दिव्यांचं. तुम्ही विचारलंत, "माय, फायबरमधून करंट जास का?" मी म्हटलं नाही जात. "मंग आते सांग, दिव्यानी अर्थ कोठे गई?" अर्थ म्हणजे करंटची परत जायची वाट. लोखंडी गाडीत बॉडी म्हणजेच ती अर्थ, वायर जवळच्या पत्र्याला कसली की झालं. फायबरच्या गाडीत दर दिव्याची अर्थ वेगळ्या वायरने खाली लोखंडापर्यंत न्यावी लागते, आणि तिथला जोड गंजला की करंट दुसऱ्याच दिव्यातून वाट काढत परत जातो, म्हणून इंडिकेटरला भलते दिवे पेटतात. गंजलेलं टोक घासलंत, वायरच्या टोकाला नवीन लग दाबलात, वर ग्रीस. दिवे लख्ख. एसीवाल्यांचा अल्टरनेटर फुकटच गेला होता म्हणायचा. आणि हे सगळं तुम्ही मला सांगितलंत, माझ्याकडे बघून, माझा चुंबकवाला भाऊ तिथेच उभा असताना.

पण मी हे पत्र दिव्यांसाठी लिहीत नाहीये.

त्या रात्री मेडिकल बंद करून जेवायला बसले होते तेव्हा तुमचा फोन आला. तुम्ही कधी फोन करत नाही, तुमचा सगळा कारभार "ये, बघी ले" असा. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं गाडी जळली की काय. तुम्ही आधी विचारलंत झोपनी व्हती का, मग जेवण व्हयनं का, मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणालात, "बोल्ट तुटी गया माय. मनाच हाततून तुटना."

एक बोल्ट आबा! इंजिनच्या मागे, इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डचा स्टड, जो मी जन्मात कधी पाहिला नसता. वर्षानुवर्षं तापून गार होऊन, गंजून, इंजिनच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या भागात, हेडमध्ये, जाम झालेला. तुम्ही त्याला किती दिवस तेल पाजत होतात हे मी स्वतः बघितलं होतं, गॅसने शेकून पण झालं होतं, तरी तो मोडला, यात तुमचा काय दोष. तो तसाच सोडून वर मॅनिफोल्ड बसवलं असतं तर गाडी त्या दिवशी आरामात चालू झाली असती. काही महिन्यांनी मधली सील, म्हणजे गॅस्केट, तिथून फुंकायला लागली असती, सकाळी गार इंजिनवर टिकटिक आवाज आला असता, मी म्हटलं असतं जुनी गाडी आहे, चालायचंच. तुमचं नाव कोणाच्या मनातसुद्धा आलं नसतं.

मी म्हटलं आबा, सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं की. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी तेव्हाच बिलबुकाच्या मागे लिहून ठेवलं. "रात गई का मन बदली जास, माय. तुले आतेच सांगेल बरं."

म्हणजे तुम्हालाही वाटलं होतं ना की राहू द्यावं. मला त्याचंच जास्त वाटलं. खोटं सुचतच नाही अशातली गत नव्हती, सुचलं, आणि ते डोक्यात पक्कं व्हायच्या आत तुम्ही फोन उचललात. तो गोड माणूस माझ्याशी एवढा वेळ बोलला, मोठ्या गॅरेजवाल्यांनी एवढी छापील बिलं दिली, त्या सगळ्यांच्या तोंडून "हे माझ्याकडून झालं" हे एक वाक्य निघालं नाही. फोन ठेवल्यावर मी ताटावर बसून रडले, आईला वाटलं दुकानात काही झालं. बोल्ट तुटला म्हणून रडतेय म्हटल्यावर ती कपाळाला हात लावून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान पोराच्या हवाली करून मुद्दाम आले. बॅटरीच्या वायरी सोडलेल्या, इंजिनचा कॉम्प्युटर काढून बाजूला ठेवलेला, कारण वेल्डिंगचा करंट त्यात गेला तर तो संपला, आणि सगळ्या फायबरवर ओली पोती, ठिणगी पडू नये म्हणून. मोडक्या स्टडच्या टोकावर नट ठेवून तो आतून वेल्ड केलात, लाल झालेला तो हळूहळू गार झाला, मग पान्याने अगदी हळू, पाव आटा पुढे, पाव आटा मागे. वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही त्यामुळे हेडला धक्का नाही, हे तुम्ही नातवाला शिकवत होतात आणि मी पण शिकले. निघाला तो. निघाल्यावर तुम्ही माझ्या हातावर ठेवलात, अजून कोमट होता. त्या कामाची मजुरी बिलात नव्हतीच, मी विचारलं तर चिडलात.

फायबरवाल्या दादांचेही आभार इथेच मानते, गणपती मंडळांच्या कमानी आणि मूर्त्या बनवणारा माणूस, तुम्हीच बोलावून आणलेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे, त्या उन्हात रेझिन डब्यातच दगड होतं, म्हणून ते पहाटे यायचे, हार्डनर हात राखून घालायचे आणि ऊन चढायच्या आत काम बंद. तडा गेला तिथे पार खालच्या काचेच्या धाग्यांच्या मॅटपर्यंत घासून, नवीन मॅट, नवीन रेझिन. त्यांनी लांबी कुठेच भरली नाही असं नाही, पण जिथे भरली तिथे बोट ठेवून सांगितली.

लोक म्हणतात आता चांगली माणसं राहिली नाहीत. मला वाटतं आहेत, फक्त ती जाहिरात करत नाहीत, आणि त्यांच्या शेडला बोर्डही नसतो. रिक्षाचं हूड शिवणारा स्वतःचं गिऱ्हाईक आधी दुसऱ्याकडे पाठवतो, हे कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात बसतं? आमच्याकडेही येतात ना माणसं, चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर दोन दिवसांनी आणून देतात, पार शिंदखेड्याहून बसने आलेला म्हातारा आणून देतो. आणि गाडीतून उतरून उधारी बुडवणारेही येतात. असो, विषय भरकटला.

टायमिंग बेल्टचं सांगायचं राहिलं. हेच इंजिन तिकडे युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगो या छोट्या गाड्यांना होतं, ते नातवाने शोधून काढलं, त्या नंबरवर बेल्ट मागवला आणि तो बरोब्बर बसला. शाब्बास रे. अभ्यासही असाच कर.

आता थंडी पडलीय आणि छत उघडायचे दिवस आलेत. मागच्या रविवारी लळिंगच्या घाटात नेली होती, किल्ला उजेडात यायच्या आत, कानटोपी घालून, शेजारच्या सीटवर आई. आई म्हणजे तीच, कपाळाला हात लावणारी. चढावर ट्रक मागे टाकला तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की ट्रकवाल्याने हॉर्न दिला. एक्झॉस्टचा टिकटिक आवाज अजिबात नाही, मी मुद्दाम कान देऊन ऐकते रोज सकाळी.

मागचे ब्रेक अजून थोडे डावीकडे ओढतात, तुम्ही म्हणाला होतात पाचशे किलोमीटर झाले की आण, ते झालेत. येत्या रविवारी येते. वांगी तुमच्याकडची, भरीत आईच्या हातचं, कळण्याच्या भाकरी ती घरून थापून आणणार आहे, तुमच्याकडे चूल पेटवून ठेवा एवढंच. आणि आबा, मागच्या वेळी नातवाच्या हातून पाकिटात घालून पैसे परत पाठवलेत तसं या वेळी केलंत तर मी गाडी शेडवरच सोडून एसटीने घरी जाईन, मग बसा उभी करायला जागा शोधत.

तुमची,
मेडिकलवाली