मास्क आम्हालाही वाटले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुरक्षा सप्ताहानिमित्त काल पाचव्या पानावर आलेला लेख वाचला. कामगारांनी मास्क लावावा, हात धुवावेत, हलगर्जीपणा करू नये. उपदेश उत्तम आहे. लेखक महाशयांनी क्रोमच्या टाकीवर एक पाळी काढावी, मग पुढचा लेख लिहावा, एवढीच विनंती.

मी भोसरीत 22 वर्षं प्लेटिंग केलं, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवायचं काम. क्रोमच्या टाकीत सोडलेल्या विजेतला फार तर पाचवा हिस्सा धातू चढवायला लागतो, बाकीची बहुतेक बुडबुडे उठवण्यात जाते. ते वर येऊन फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे तुषार उडतात. नाकात आधी खपल्या धरतात, मग रक्त येतं, मग मधला पडदा झिजून आरपार भोक पडतं. आमच्यातला एक जण एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचा. नव्या हेल्परांची करमणूक व्हायची. मीही हसलोय. पुढे रात्री माझंच नाक शिट्टी वाजवू लागलं, तेव्हा बायकोने डॉक्टरकडे पिटाळलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 'जुनी सर्दी' लिहून गोळ्या दिल्या. क्रोमचे व्रण कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते आणि असा रुग्ण दिसला की डॉक्टरने सरकारला कळवायचं होतं, हे मला निवृत्तीनंतर समजलं. डॉक्टरांना समजलं की नाही, देव जाणे.

लेखात म्हटलंय की 'हवेची नियमित मोजणी होते'. होते की! आमच्याकडेही एकदा झाली. कायद्याच्या धाकाने नव्हे. हजेरीपत्रकावर आम्ही नऊच होतो (टाक्यांवर चौदा), आणि तेव्हा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहाव्या माणसापासून कायदा लागायचा. महाराष्ट्राने 2015 मध्ये तो आकडा वीस केला, म्हणजे मालकांची लिहिण्याची मेहनतही वाचली. तर, गिऱ्हाईक कंपनीला रिपोर्ट हवा होता. क्रोमिक ॲसिडची मर्यादा घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम, त्यातलं क्रोमियम तेवढं मोजून. पंप कामगाराच्या कमरेला आणि त्याच्या नळीचं तोंड कॉलरला लावून, तो काम करत असताना हवा ओढायची असते. आमचा रेक्टिफायर (टाकीला वीज पुरवणारं यंत्र) सकाळपासून बंद, टाकी गार, आणि पंप मालकांच्या केबिनमध्ये चहाच्या ट्रेशेजारी. रिपोर्ट झकास आला. केबिनची हवा झकासच होती, कूलर होता तिथे.

त्याच दिवशी आम्हाला मास्क वाटले. कापडी. ते तुषारांनी ओले होऊन पिवळे पडत आणि ॲसिड नाकाशीच धरून ठेवत. शिवाय संध्याकाळी मोजून परत घेतले. टाकीच्या काठाला एक्झॉस्ट होता, पण त्याचा पट्टा तुटून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. पट्टा बसवला असता, तुषार अडवायला टाकीतल्या ॲसिडवर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत सोडले असते तरी निम्मं काम झालं असतं. शोभेच्या कामाला तर त्रिसंयुजी क्रोमची (क्रोमिक ॲसिडऐवजी क्रोमच्या सौम्य क्षारांची) टाकी चालते, ती इतकी जहरी नसते. या सगळ्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. मास्कवर मात्र अख्खी चौकट, वर पाहुण्यांच्या हस्ते हेल्मेटवाटपाचा फोटो. हेल्मेट नाकाला कसं घालायचं, तेही छापा.

आणखी एक. लेखात तीनदा 'क्रोमियमचा संसर्ग' लिहिलंय. संसर्ग गोवराचा होतो हो, क्रोमियमचा नाही. पूर्वी आपल्याकडे मुद्रितशोधक असत. एस.टी.च्या फेऱ्यांवरच्या माझ्या मागच्या पत्रातही 'बंद'चं 'बंध' झालं होतं आणि मूळ मुद्दाच गाळला होता. हे पत्र कापायचं तर वरून कापा, केबिनचा भाग राहू द्या.

आपला,
एक जुना प्लेटर, भोसरी

ता. क. नाव छापू नये. मालकांचे चिरंजीव आमच्या सोसायटीचे चेअरमन आहेत आणि पार्किंगचा विषय अजून मिटलेला नाही.