सोयाबीनची वंशावळ काढून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनचे नवे वाण आले की बातमीत हेक्टरी उत्पादन येते, पक्वतेचे दिवस येतात. आईबाप मात्र कुठेच नसतात. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था ज्या इंदुरात आहे, तिथे तरी ते छापावेत. पैदास करणाऱ्यांनीही ते नोंदवहीत मिटवून न ठेवता संगणकावर जाळ्यासारखे काढून पाहावेत. स्कॉटलंडच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटचे ‘हेलियम’ किंवा नेदरलँड्समधील वागेनिंगन विद्यापीठाचे ‘पेडिमॅप’ हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे.

सुरुवात साध्या तक्त्याने होते: वाण, मादी, नर. पहिला घोटाळा नावांचा. ‘जेएस ३३५’ आणि ‘जेएस-३३५’ ही संगणकाला दोन वाणे वाटतात, वंश तिथेच तुटतो. पालक ठाऊक नसेल तर रकाना रिकामा सोडावा. सगळीकडे ‘अज्ञात’ लिहिले, की त्या नावाच्या एकाच वाणाची शेकडो लेकरे दिसू लागतात. गुणांच्या तक्त्यात न मोजलेल्या जागी शून्य तर मुळीच नको. चित्रात पक्वतेचे दिवस छटांनी दाखवणारी रंगपट्टी शून्यापासून ताणली जाते आणि ८५ व १०० दिवसांची वाणे जवळजवळ एकाच छटेत बुडतात.

खरा उपयोग संकर तपासण्यात आहे. सोयाबीनचे फूल इवलेसे, स्वपरागित. नराचे पराग लावण्याआधीच मादीचे स्वतःचे पराग पडले, तर शेंग धरते आणि वहीत ‘संकर’ म्हणून चढते. मादी पांढऱ्या फुलाची, नर जांभळ्या फुलाचा घेतला तर सोपे: जांभळा रंग प्रभावी, म्हणून खरे एफ-१, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीचे, झाड जांभळेच फुलते. दोन्ही पालक एकाच रंगाचे असले की फुलावरून काही कळत नाही; तिथे मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, कामी येतात. ज्या मार्करवर दोन्ही पालकांची डीएनए-अक्षरे ‘एए’, तिथे लेकरू ‘जीजी’ असूच शकत नाही. अशी विसंगती चार-दोन मार्करांवर असेल तर बहुधा वाचनाची चूक. विसाही गुणसूत्रांवर पसरली असेल तर पालकच दुसरा. आणि लेकरू सगळीकडे मादीसारखेच निघाले, तर तो संकर नव्हताच.

संकराचा मूळ वाणाशी पुन्हा संकर करणे म्हणजे बॅकक्रॉस. दुसऱ्या बॅकक्रॉसनंतर मूळ वाणाचा वाटा ८७.५ टक्के धरतात. ती सरासरी झाली. भावंडाभावंडांत तो कमी-जास्त असतो. कोणते झाड पुढे न्यायचे, हे वंशावळीवर मार्करचे रंग चढवल्यावरच कळते.

ही तपासणी मेअखेर उरकावी. जूनमध्ये पेरणी लागली, की ऑगस्टच्या संकरापर्यंत तक्ते दुरुस्त करायला कोणालाच सवड मिळत नाही.

— सोयाबीन पैदासीच्या कामातील काही वाचक, इंदूर