गाठीचा पहिला छेद कुठे आणि कसा?

संपादक महाशय,

‘गाठीला हत्यार लागले की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य ठाणे-नवी मुंबईतल्या ओपीडींत नेहमी कानावर पडते. त्या धास्तीने लोक बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी सुईने गाठीचा छोटा तुकडा काढणे, टाळतात. वास्तविक सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचे प्रमाण फार कमी आहे. अंडकोष, बीजांडकोशाची (ओव्हरीची) संशयित गाठ आणि लहान मुलांच्या डोळ्यातली गाठ, असे काही ठरलेले अपवाद सोडले, तर सुईला घाबरण्याचे कारण नाही. घात होतो तो बहुतेकदा सुई टाळून ‘आधी काढून टाकू, मग बघू’ म्हणण्याने.

मांडीवरची गाठ घ्या. चरबीची समजून जागा बधिर करून आडवा छेद दिला, बोटाने सोलून गाठ बाहेर काढली, साचलेले रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी छेदापासून तीन बोटे लांब काढली आणि रिपोर्टमध्ये सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर) आला. सार्कोमाभोवती जे आवरण दिसते ते खरे आवरण नसतेच. तो दाबला गेलेला थर असतो आणि त्यात गाठीच्या पेशी असतात. सोलून काढले की तो थर आतच राहतो. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुना छेद, नळीची वाट आणि रक्त झिरपलेला सगळा भाग एकसंध काढावा लागतो. पहिला छेद उभा असता तर अरुंद पट्टी काढून टाके बसले असते. आडव्या छेदापायी दुसरीकडची कातडी आणून लावण्याची वेळ येते. म्हणून गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी (मोठ्या लिंबाएवढी समजा), खोल किंवा वाढती असेल तर आधी एमआरआय, मग जाड सुईची बायोप्सी, तीही पुढच्या छेदाच्या रेषेतच. छेद पायाच्या लांबीला समांतर, नळी जखमेच्या टोकालगत. अंडकोषाच्या कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोषाच्या पिशवीवर छेद घ्यायचाच नाही; जांघेतून जाऊन आधी अंडकोषाकडे रक्तवाहिन्या नेणारा वरचा दोर पकडायचा.

फायब्रॉइडचे (गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठीचे) दुखणे वेगळे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मोठी गाठ बाहेर येत नाही, म्हणून मॉर्सेलेटरच्या फिरत्या पात्याने पोटातच तिचे तुकडे करतात. त्यात सार्कोमा दडलेला असेल तर कण पोटभर उडतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०१४ मध्ये इशारा दिला तेव्हा असा सार्कोमा दडलेला असण्याचा धोका सुमारे ३५० स्त्रियांत एकीला, असा अंदाज होता. पन्नाशी उलटलेल्या किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत फायब्रॉइडसाठी हे यंत्र वापरायचे नाही. इतरांत वापरलेच तर कण उडू नयेत म्हणून गाठीभोवती घातलेल्या बंद पिशवीत. पात्याने पिशवी फाटली तर तिचा उपयोग संपला. बीजांडकोशापुरता मर्यादित कॅन्सर काढताना गाठ फुटली तर आजाराचा टप्पा (स्टेज) १ए वरून वाढून १सी१ होतो, आणि एरवी टळली असती ती केमो गळ्यात पडू शकते. ‘छोटे टाके’ नेहमीच फायद्याचे नसतात, हेही सांगायला हवे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या २०१८ च्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर दुर्बिणीने ८६ टक्केच होते.

ऐकायला पटते ते सगळे चालतेच असेही नाही. ‘गाठीला हात लावण्याआधी रक्तवाहिन्या बांधा’ ही अमेरिकन सर्जन टर्नबुल यांची १९६७ ची पद्धत जपानमधल्या मोठ्या चाचणीत आतड्याच्या कॅन्सरसाठी सरस ठरली नाही. गाठ निघाल्यावर हातमोजे आणि हत्यारे बदलणे मात्र फुकटात पडते, ते करावेच.

याउलट टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत, सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेली चाचणी पाहा. स्तनाची गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटे तिच्याभोवती सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध) टोचले. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले, हयात असलेल्यांचे ८६.४ वरून ९०.१ वर. या स्त्रियांना आधी केमो दिलेली नव्हती, हे लक्षात ठेवावे. एका चाचणीवर सगळा भार टाकू नये हे खरे, पण औषध प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये पडलेलेच असते. दोन टक्क्यांच्या एका भागात तीन भाग सलाइन घातले की ०.५ टक्के होते. किलोमागे ४.५ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर ६० किलोच्या स्त्रीला २७० मिलिग्रॅम, म्हणजे ५४ मिलिलिटर. टोचताना प्रत्येक वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचे. सात मिनिटे थांबायला मात्र पुढची केस दारात असताना कुणी तयार नसते.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नर्सिंग होम्सनी मराठी संमतिपत्रात तीन ओळी वाढवाव्यात: बायोप्सी झाली का; गाठ अखंड काढणार की तुकडे करून, आणि तुकडे करणार असाल तर बंद पिशवीत की नाही; काढलेली गाठ कोणत्या लॅबला जाणार. तिसऱ्या ओळीखाली ‘दहापट फॉर्मॅलिनमध्ये’ (गाठ टिकवणाऱ्या द्रावात) असेही छापावे. सलाइनच्या बाटलीत रात्रभर राहिलेली गाठ सकाळपर्यंत खराब होते आणि कडेला पेशी उरल्या आहेत की नाहीत, हे मग पॅथॉलॉजिस्टला खात्रीने सांगता येत नाही.

— एक शल्यचिकित्सक व एक पॅथॉलॉजिस्ट, ठाणे
(नावे संपादकांकडे)