सकाळी साडेआठचा पाऊस

दादर, मुंबई
२५ मे

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू नववीच्या विज्ञान प्रकल्पासाठी ‘हवामान बदल’ हा विषय घेणार असल्याचे सांगितलेस, मी लगेच ‘नको’ म्हणाले आणि तू गप्प झालीस. कारण न सांगता नकार देणे बरोबर नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आजोळची सुट्टी संपवून तू परत येशील तेव्हा पाऊस दारात उभा असेल, आणि मला जे सुचवायचे आहे त्याची तयारी पावसाआधीच व्हायला हवी.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करताना मी प्रकल्पांसाठी येणारी पुष्कळ मुले पाहिली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘प्रदूषण’, ‘सौरऊर्जा’, ‘हवामान बदल’ हे विषय झाले. प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर तुला आज ठाऊक नाही, पुस्तकात ते आयते लिहिलेले नाही आणि घरातल्या साधनांनी, तुझ्या हाताला असलेल्या वेळात, ते मोजून काढता येते. हवामान बदलले की नाही हे सांगायला अनेक दशकांच्या नोंदी लागतात. तुझ्याजवळ एक पावसाळा आहे. तेव्हा एका पावसाळ्यात जे मोजता येईल तेच आपण विचारावे.

माझ्या मनात असलेला प्रश्न असा आहे: दादरला आपल्या गच्चीवर आणि मुलुंडला आत्याच्या गच्चीवर एकाच दिवशी पडणाऱ्या पावसात किती फरक असतो, आणि मोठ्या पावसाच्या दिवशी तो फरक वाढतो का? प्रश्न लहान वाटेल, पण या शहरात तो लहान नाही. २००५ साली २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच मुंबईतली, लोकलने तासाच्या आत गाठता येणारी ही दोन ठिकाणे आहेत. त्यांच्यामध्ये आणि पलीकडे कुठे किती पाऊस पडतो हे एका पावसाळ्यापुरते तरी स्वतः मोजून पाहणे मला फार मोलाचे वाटते.

साधन विकत आणू नकोस. पाच लिटरचा डबा आणि त्यावर घट्ट बसणारे नरसाळे एवढे पुरे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे डब्यात ७८.५ मिलिलिटर पाणी जमले की १० मिलिमीटर पाऊस झाला. हे गणित तू स्वतः करून पाहा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. मुले कोल्ड्रिंकची बाटली कापून तिच्यावर पट्टी चिकटवतात. ते वाईट नाही, पण हवामान खाते ज्याला अत्यंत मुसळधार म्हणते तो २४ तासांतला पाऊस २०४.४ मिलिमीटरच्या पुढचा असतो. अशा रात्री ती बाटली भरून वाहील आणि आपल्याला नेमका ज्या दिवसाचा आकडा हवा आहे तोच हातचा जाईल. डबा कठड्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवू नकोस; आडोसा जितका उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर राखायचे असते. गच्चीची परवानगी मी सोसायटीकडून काढून ठेवते.

आता जी गोष्ट जवळजवळ सगळी मुले वगळतात ती सांगते. दोन्ही पर्जन्यमापके पहिले काही पावसाळी दिवस आपल्याच गच्चीवर शेजारी शेजारी ठेवायची. एकाच पावसात त्या दोघांचे आकडे किती वेगळे येतात हे आधी कळले नाही, तर पुढे मुलुंडचा आकडा वेगळा आला तो पावसामुळे की डब्यामुळे, हे तुला कुणालाच सांगता येणार नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने मोजमापे बिघडतील हे ओळखून, वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, अलिबागला चुंबकत्व नसलेल्या दगडाची नवी वेधशाळा उभारण्यात आली. पण त्यांनी कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा. मला हा प्रसंग मनापासून आवडतो. त्यांनी दोन वर्षे दिली, आपण एक आठवडा तरी देऊ.

नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो, त्यामुळे आपले आकडे कुलाबा आणि सांताक्रूझच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. तुझी शाळा दुपारची आहे आणि आत्या नऊला घर सोडते, तेव्हा वेळ दोघींनाही जमेल. ज्या दिवशी पाऊस झाला नाही तिथे शून्य लिही. ज्या दिवशी बघायचे राहिले, डबा कलंडला किंवा नरसाळ्यात पाने अडकली, तिथे शून्य न लिहिता रेघ मार आणि पुढे कारण लिही. आठवीत असताना मी चवळीच्या बियांचा प्रयोग केला होता. दहा कुंड्यांपैकी दोन कुंड्यांत अंकुर आले नाहीत, आणि प्रकल्प अपुरा दिसेल या भीतीने मी दहाही उगवल्या असे लिहिले. बक्षीस मिळाले. त्या दोन कुंड्यांत बी जास्त खोल गेले होते की पाणी साचले होते, हे मी कधीच तपासले नाही, आणि आज त्या प्रयोगातले मला तेवढेच जाणून घ्यावेसे वाटते.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यात कृतिसंशोधन प्रकल्प असतो, तिथे हे काम नेता येईल का, ते तुझ्या बाईंना विचारू. पण त्यासाठी प्रश्न बदलू नकोस. आणि सप्टेंबरअखेर दोन्ही गच्च्यांत काहीच फरक दिसला नाही, तर तेही उत्तर आहे. ते जसेच्या तसे लिहायचे.

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. तू पाच तारखेला येशील, म्हणजे मोजलेले पाणी ओतून दोन्ही डबे तपासायला जेमतेम सहा दिवस मिळतील. येताना बाजारातून मामाला सोबत घेऊन दोन नरसाळी आण. दोन्ही एकाच दुकानातली, एकाच मापाची असू देत, आणि पैसे देण्याआधी दोन्हींचे तोंड पट्टीने मोजून घे.

तुझी,
आई