पहाटे पाचला उठून नैराश्य जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या पुरवणीतला कामाच्या ताणावरचा लेख काल दोनदा वाचला. पहाटे पाचला उठा, आरशात बघून हसा, दिवसातल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहा, साहेबाला गुरू माना. लेखकाचा हेतू चांगला असेल. पण नैराश्य आलेला माणूस त्यांनी जवळून पाहिलेला नाही, म्हणून रागानेच लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी आमच्या यांना हा आजार झाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हे माल पाठवण्याचे काम बघतात, १९ वर्षे झाली. ऑर्डरी कमी झाल्या, हाताखालची दोन माणसे गेली, त्यांचे काम यांच्यावर आले. रात्री अकरालाही फोन. एके दिवशी सकाळी बघते तर हे कॉटच्या कडेला बसलेले, एक मोजा पायात, एक हातात. पाऊण तास तसेच. पहाटे पाचला उठायचे तर सोडाच, तीनपासून टक्क जागे असायचे. डबा जसाच्या तसा परत यायचा, शेंगाचटणीचे तेल भाकरीत मुरलेले. डझनाचा गठ्ठा मोजताना सात-आठवर आकडा सुटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. नुसत्या नजरेने गठ्ठा ओळखणारा माणूस हा. त्याला आरशात बघून हस म्हणायचे?

मीसुद्धा तेच म्हणत होते. ‘मन घट्ट करा, लोकांना याहून मोठी दुःखं आहेत.’ त्यात तीन महिने गेले, त्याची बोच मला अजून आहे.

शेवटी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात नेले. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावले, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असा मलूल होतो. मग सरळ विचारले, ‘जगू नये असं वाटतं का?’ हे ‘हो’ म्हणाले. मी शेजारी बसले होते आणि मला माहीत नव्हते. असे विचारल्याने नको ते डोक्यात येते, असे आपण समजतो आणि गप्प बसतो. डॉक्टर म्हणाल्या, विचारल्याने माणसाचे ओझे उतरते.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक वाटणार नाही, मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी तीनदा बजावले. आणि एकच काम दिले: रोज सकाळी सातला जाऊन दूध आणायचे. ‘मन लागलं की जाईन म्हणू नका. आधी जा, मन मागून येतं.’ पहिले चार दिवस मी दारापर्यंत हाताला धरून नेले. नंतर कोपऱ्यावरची डेअरी, मग सिद्धेश्वर तलावापर्यंत फेरी. पाचव्या आठवड्यात जेवताना म्हणाले, ‘आमटीत मीठ जास्त झालंय.’ यांना चव कळली! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता कारखान्याचे. डॉक्टरांचा दाखला घेऊन मीच गेले होते. मागणे एवढेच, की महिनाभर फोनचे काम नको, शिलाई खात्यात बसवा. मॅनेजरनी दाखल्यावरचे ‘मानसोपचार’ चार माणसांत मोठ्याने वाचले. ‘वहिनी, असल्या दाखल्यावर सवलती देत बसलो तर उद्या सगळेच आणतील.’ पाय मोडला असता तर? २३ खाडे धरले, पगार कापला. आपल्या लेखात जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा होता, की नैराश्य आणि चिंतेपायी जगात वर्षाला १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. त्यातले २३ आमच्या घरचे आहेत. उपचारात आणि विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरा, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे कार्ड असेल तर नियमात बसणाऱ्या आजारी कामगाराला वर्षातले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. यांचे कार्ड नव्हते, पण शहराच्या पूर्व भागात कितीतरी कामगारांकडे असेल. हे लिहा ना पुरवणीत.

कारखान्यातले एक म्हातारे जॉबर (मुकादम) मात्र रोज संध्याकाळी येऊन यांच्याजवळ बसायचे. उपदेशाचा एक शब्द नाही. चहा घ्यायचे, अर्ध्या तासाने जायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

झोपेवरून आठवले, तेही लिहिते. डॉक्टर म्हणतात, रोज ठरल्या वेळी झोपा, ठरल्या वेळी उठा. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेही रात्री दीड-दोनला. उजनी धरण भरून वाहिले तरी तेच. अख्खी गल्ली घागरी, पिंपे, मोटारी घेऊन जागी, आणि सकाळी आठला हजेरी. महापालिकेने निदान पाण्याची वेळ तरी माणसांची ठेवावी. गोळीने लागलेली झोप नळासाठी मोडताना माझ्या जिवाला काय वाटायचे, ते मलाच माहीत.

एवढ्या मोठ्या लेखात १४४१६ हा क्रमांक कुठेच नव्हता. तो टेलि-मानसचा; मनाच्या त्रासात फोनवर बोलण्याची ही सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. यांना रात्री फार वाटले तेव्हा दोनदा आम्ही तिथे बोललो. पुढच्या मंगळवारी तो ठळक अक्षरात छापावा, ही हात जोडून विनंती.

माझे नाव मात्र छापू नये. पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबत दिला आहे. यांना अजून त्याच कारखान्यात कामाला जायचे आहे.

आपली नम्र,
एक वाचक
उत्तर कसबा, सोलापूर