फुलांची भिंत मागेच राहावी म्हणून झटणाऱ्या भाऊंना

भाऊ,

स. न. वि. वि.

लग्नाचा अल्बम घरी आला की पानं उलटताना सगळे म्हणतात, "फोटो काय सुंदर आलेत!" आणि श्रेय कॅमेऱ्याला जातं. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या लग्नांत त्यातलं निम्मं श्रेय तुमचं, फुलांची सजावट करणाऱ्याचं, असतं. ते चार लोकांसमोर सांगावं म्हणून आम्ही फोटो काढणारे दोघं हे पत्र लिहीत आहोत. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. तुमच्या कामाबद्दल मात्र तपशिलात लिहितो. ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांना आणि सजावटीच्या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना ते उपयोगी पडेल.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. रंग कुठला हवा हे तुम्ही नंतर विचारता. आधी विचारता, मुहूर्त किती वाजताचा आणि गुरुजी नवरानवरीला कुठल्या दिशेला तोंड करून उभं करणार? आपला किनारा पश्चिमेचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला समुद्रात उतरतो, फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहा उलटतात. गोरज मुहूर्त असला आणि बोहल्याच्या पाठीशी समुद्र ठेवला, तर ऊन सरळ कॅमेऱ्यात येतं. त्या उजेडात झेंडूच्या भरगच्च सरी काळ्या मण्यांच्या माळांसारख्या दिसतात, कारण झेंडू जाड, त्यातून उजेड पार होत नाही. ऑर्किडची पाकळी, बोगनवेल, केळीचं कोवळं पान ही पातळ मंडळी त्याच उजेडात आतून दिवा लावल्यासारखी उजळतात. म्हणून समुद्र पाठीशी असेल तिथे तुम्ही भिंत बांधतच नाही. उघडी कमान उभी करता, तीत ऑर्किड आणि पातळ पानं भरता आणि झेंडू सकाळच्या मुहूर्तासाठी राखून ठेवता.

दीड फुटाच्या चौथऱ्याचा तुमचा आग्रह यजमानांना खर्चाचा वाटतो. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की फोटोत क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. वाळूत उभ्या माणसाचा कॅमेरा साधारण पाच फुटांवर असतो. नवरानवरीही वाळूतच उभी असली तर समुद्राची रेघ त्यांच्या मानेतून किंवा डोळ्यांतून जाते. चौथरा दीड फूट उचलला की तीच रेघ कमरेच्या वर, छातीच्या खाली येते आणि चेहरे मोकळ्या आकाशावर राहतात.

कमानीच्या उंचीचा हिशोबही तुम्ही फेट्यापासून मांडता. नवरा पावणेसहा फुटांचा, वर फेटा आणि तुरा, म्हणजे साडेसहा फूट झाले. पाटावर उभा राहिला की आणखी तीन-चार इंच. सात फुटांच्या कमानीत तुरा फुलांत घुसतो. म्हणून आठ फूट ही कमीत कमी उंची आणि नऊ असेल तर उत्तम. दोघांपुरती आठ फूट रुंदी चालते. पण अंतरपाट धरला की दोघं समोरासमोर उभी, दोन्ही मामा बाजूला, मध्ये पांढरं कापड, आणि फोटो बाजूने घ्यायचा. तिथे बारा फुटांच्या खाली जाऊ नये, नाहीतर एका मामांच्या मागे फुलं आणि दुसऱ्यांच्या मागे जनरेटरची गाडी येते.

पाच ते साडेसहा फुटांचा पट्टा शांत ठेवायचा, हे तर प्रत्येक सजावटवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावं. तिथे डोकी येतात. हेलिकोनियाचा लाल तुरा नेमका नवरीच्या डोक्यामागे आला की शिंग फुटल्यासारखं दिसतं. त्या पट्ट्यात तुम्ही फर्न, अरेका पामची पानं आणि बारीक शेवंती लावता. मोठी फुलं वरच्या कोपऱ्यांत आणि गुडघ्याच्या खाली. शिवाय नवरानवरी भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभी राहतील अशी खूण चौथऱ्यावर खडूने करून ठेवता. भिंतीला चिकटून उभं राहिलं की सावल्या फुलांवर पडतात आणि माणसं कागदावर डकवल्यासारखी दिसतात. पाच फूट सोडले तर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने मागची फुलं धूसर, मऊ होतात, रंग तेवढा राहतो.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. अष्टपुत्रीची पिवळी साडी पिवळ्या झेंडूसमोर हरवते आणि अंतरपाटाचं पांढरं कापड पांढऱ्या शेवंतीसमोर. मागे हिरवं असेल तर दोन्ही उठून दिसतात. दुसरं पांढऱ्या फुलांचं. चेहरे मांडवाच्या सावलीत आणि फुलं उन्हात असली, तर चेहऱ्यावरच्या उजेडाला धरून फोटो घेतल्यावर फुलांची पाकळी न् पाकळी पुसली जाते, नुसता कोरा कागद उरतो. तुम्ही मोतिया किंवा फिकट पिस्ता रंग सुचवता आणि भिंत माणसांच्याच सावलीत आणता. मांडवाच्या छताला गुलाबी कापड लावू देत नाही, त्याबद्दल हात जोडून आभार. त्या कापडातून आलेलं ऊन चेहरे गुलाबी करतं आणि पानं मातकट, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर धड दुरुस्तही होत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमचं खरं कसब तिथे आहे. फुलं खोवायच्या स्पंजची वीट पाण्यात दाबायची नाही. पाण्यावर नुसती ठेवायची आणि ती आपली आपण बुडू द्यायची, एक-दोन मिनिटं लागतात. हाताने दाबली की बाहेरून ओली, आत कोरडी पोकळी राहते आणि त्या पोकळीत गेलेला गुलाब दोन तासांत मान टाकतो. देठ तिरका कापायचा, तीन-चार सेंटिमीटर आत खोवायचा आणि एकदा खोवला की मागे ओढायचा नाही, कारण ओढला की देठाखाली हवा राहते. तुमच्याकडची पोरं हे बोलता बोलता करतात. बोटाने वीट चाचपतात, हलकी लागली की बाजूला टाकतात.

गाडीत सगळी फुलं एकत्र थंडीत ठेवू नयेत, हेही अनेकांना माहीत नसतं. गुलाबाला दोन ते चार अंशांची थंडी मानवते. अँथुरियम आणि हेलिकोनिया उष्ण प्रदेशातली, त्यांना बारा-तेरा अंशांच्या खाली नेलं की पाकळ्यांवर काळे डाग उमटतात, तेही लगेच नाही, बाहेर काढल्यावर काही तासांनी, म्हणजे ऐन मुहूर्ताला. आणि दाराशी केळीचे खुंट लावताना घड कच्चाच निवडायचा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि जवळचे ऑर्किड, कार्नेशन त्याने वेळेआधी मिटतात. उन्हावाऱ्यात चटकन कोमेजणाऱ्या हायड्रेंजियाला तुम्ही उघड्या किनाऱ्यावर सरळ नकार देता, फोटो दाखवून हट्ट धरणाऱ्या यजमानांनाही. ते ऐकण्यातच त्यांचं हित आहे. लावायचा क्रमही ठरलेला: आधी पानं, मग शेवंती, अँथुरियम, देठाला पाण्याची नळी लावलेले ऑर्किड, त्यानंतर गुलाब, आणि मोगरा अगदी शेवटच्या तासात.

झेंडूचा पडदा मागणाऱ्यांसाठी तुमचा हिशोब इथे मांडतो. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. दर तीन इंचांवर एक सर, म्हणजे ४८ सरी. एका सरीला साठेक फुलं, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. दबलेली, तुटकी फुलं निवडून टाकायची धरून पंचवीस किलो मागवावा. पैसे वाचवायला सहा इंचांवर सरी सोडल्या तर डोळ्याला फार जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला मागचा पाइप दिसतो. प्रत्येक सरीचं खालचं टोक बांबूच्या काठीला बांधायचं. नाहीतर समोरचे लोक बसेपर्यंत वारा अर्ध्या सरी एकमेकींत गुंतवून मोकळा होतो.

वाऱ्याची थट्टा नाही. खारं वारं दुपारी जोर धरतं आणि सूर्य कलला की मंदावतं, पण भिंत उभी राहते ती दुपारीच. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण सहा किलोचा दाब देतो. १२ बाय ८ फुटांची भिंत जवळजवळ नऊ चौरस मीटर भरते, म्हणजे पन्नास किलोंहून जास्त जोराने कोणी तरी सतत ढकलत असतं. म्हणून चार खांब, प्रत्येकाला पुढे-मागे तीन-तीन फुटांचे पाय आणि आठही टोकांवर पंचवीस किलोचं वाळूचं पोतं. पाठीला कापड न लावता तुम्ही जाळी लावता, तिच्यातून थोडा वारा आरपार जातो. पोती दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर झावळ्या टाकता. पुढच्या रांगेत आजीआजोबा आणि मुलं बसलेली असतात, एवढं लक्षात ठेवलं की पोत्यांचा खर्च जड वाटत नाही.

संध्याकाळच्या दिव्यांचं थोडक्यात. जांभळे-निळे एलईडी फुलांवर मारले की पानं काळी पडतात आणि माणसं आजारी दिसतात. साधा पिवळसर पांढरा उजेड, दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या थोडा वरून, एवढं पुरतं. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. तिथला झगमगाट तुम्ही आपण होऊन टाळता आणि सरी नायलॉनऐवजी सुती दोऱ्यात ओवता, म्हणजे वाळूत उरलेला तुकडा कोणाच्या पायात अडकून राहत नाही. यासाठी तुम्हाला पैसे कोणी देत नाही.

आणि शेवटचे आभार आदल्या दिवशीच्या त्या दहा मिनिटांचे. मुहूर्ताच्याच वेळेला तुम्ही दोन पोरं रिकाम्या सांगाड्यासमोर पाटावर उभी करता, एकाच्या डोक्याला फेटा, दुसरीच्या खांद्यावर नवरीच्या साडीच्या रंगाचं कापड, आणि साध्या मोबाइलवर फोटो काढून बघता. सांगाडा चार फूट डावीकडे सरकवायचा तर तो तेव्हाच सरकतो, फुलं चढल्यावर नाही. यंदाच्या मोसमात पहिलं काम ठरलं की आदल्या दिवशीची वेळ कळवा. पाट घेऊन आम्ही आधी येऊन थांबू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले,
तुमच्या कमानीसमोर कॅमेरा लावणारे दोघं