‘वहिनी, ती क्लिप काढता येती का?’

महोदय, स.न.वि.वि.

परग्रहावरच्या जिवाशी किंवा तसल्याच कुठल्या अमानवी शक्तीशी आपली गाठ पडली, असं सांगणाऱ्या माणसांचा अभ्यास करायला हल्ली लोक निघालेत. अभ्यास जरूर व्हावा. पण तो कसा होतो हे मी घरातच बघितलं, म्हणून हे पत्र.

माझे धाकटे दीर करवीर तालुक्यात ऊस करतात. शेतीची लाईट पाळीनं रात्रीची असली की दारं धरायला रात्री दोनला जावं लागतं. चार वर्षांपूर्वी असंच पाणी फिरवताना त्यांना बांधावर काहीतरी उंच, पांढरट उभं दिसलं. “बोललं न्हाई वहिनी, पन काय म्हनतंय ते मला कळत हुतं,” एवढंच ते सांगतात. मी एकतीस वर्षं परिचारिका होते आणि यातलं काही मानत नाही. तरीही झोप किती होते, शुगर किती आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे मी विचारून घेतलं. थट्टा मात्र केली नाही.

गेल्या दिवाळीनंतर ‘संशोधन करतोय’ म्हणत दोघं जण आले. चहा झाला. बोलता बोलता मोबाईल स्टँडवर लावून चालू केला. कशासाठी, ते सांगितलं नाही. कागद नाही, सही नाही. पहिलाच प्रश्न, “त्याचे डोळे मोठे, काळे होते का?” डोळ्यांबद्दल भाऊजी आजवर अवाक्षर बोलले नव्हते. महिन्याभरानं पाव्हण्यांना तीच हकीकत सांगताना त्यात काळे डोळे आलेले मी स्वतः ऐकले! आता मूळ आठवण कुठली आणि घातलेली कुठली, ते कोण वेगळं करणार?

हे नवीन नाही. अमेरिकेत बार्नी आणि बेटी हिल या जोडप्याला १९६१ साली रस्त्यात आलेला अनुभव गाजला. १९६४ मध्ये बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं. परग्रहावरच्या जिवांनी आपल्याला पळवून नेलं होतं, असं दोघांनी सांगितलं. हे अपहरण खरंच घडलं असं खुद्द डॉक्टरांना वाटलं नाही. पण १९६५ मध्ये त्या दोघांच्या मनाविरुद्ध बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात सगळं छापून आलं. झालं, चारचौघांसारखं जगणं संपलं.

हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांच्या गटानं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं अपहरण झाल्याचं सांगणाऱ्या दहा जणांना त्यांचीच हकीकत ऐकवली होती. हृदयाचे ठोके आणि तळहाताचा घाम मोजला, तर मोठ्या आघातातून गेलेल्या रुग्णांसारखंच शरीर हललेलं दिसलं. म्हणजे बांधावर कोणी असो वा नसो, भीती खरी असते. ती उकरून काढणाऱ्यानं नंतर त्या माणसाला कोण सांभाळणार, याची सोय आधी करायला नको?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आधी नैतिकता समितीची मंजुरी, समजेल त्या भाषेत संमती, लिहितावाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार, आणि मनात येईल तेव्हा माघार घेण्याची मुभा. हे कुठं आरोग्याचं संशोधन, असं कोणी म्हणेल. रात्री छातीत धडधडून माणूस उठून बसतो, ते आरोग्याचंच की! वॉर्डात साध्या हर्नियाच्या ऑपरेशनलासुद्धा अंगठा घेण्याआधी मी कागद दोनदा वाचून दाखवायचे.

ती मुलाखत कापून मोबाईलवर फिरली. भाऊजींचा चेहरा, मागं घराची पाटी, सगळं स्पष्ट. पोरं त्यांना ‘एलियनमामा’ म्हणतात. चुलत सासूबाई ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवरशाकडं न्यायला बसल्यात. त्यांना थोपवण्यात माझे दोन रविवार गेले. रात्रीच्या पाण्याला आता रोजानं गडी लावलाय.

परवा भाऊजींनी मला विचारलं, “वहिनी, ती क्लिप काढता येती का?” त्या दोघांनी दिलेला नंबर मी सात वेळा लावला. रिंग होते, उचलत नाहीत.

पत्र छापल्यास माझं नाव आणि आमच्या गावाचं नाव कृपया छापू नये.

– एक निवृत्त परिचारिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर